फर्निचर उद्योगातील कारखानेबंदी (व्हर्जिनिया व नॉर्थ कॅरोलायना)

अमेरिकेच्या या दोन राज्यांतील लाकडी फर्निचरचे कारखाने १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून एकामागून एक बंद पडले आणि हजारो कामगार बेकार झाले. ॲपलाचियन डोंगरांतल्या ओक, मेपल या झाडांचे लाकूड, रेल्वेची सोय आणि कमी मजुरी यांच्या जोरावर हा धंदा तेथे वाढला होता. व्हर्जिनियात स्मिथ नदीकाठी बॅसेट कुटुंबाने १९०२ मध्ये कारखाना काढला. गावाचे नाव बॅसेट, कामगारांची घरेही कंपनीची.

२००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत आला आणि आयात झपाट्याने वाढली. मात्र सगळा दोष चीनच्या माथी मारणे सोयीचे असले तरी खरे नाही. चिनी पलंग-कपाटे मागवून त्यांवर आपले नाव लावणाऱ्यांत अमेरिकेतल्याच जुन्या कंपन्या होत्या. अमेरिकी लाकूड जहाजाने चीनला जाई आणि फर्निचर होऊन परत येई. बॅसेट कंपनीने २००७ मध्ये बॅसेट गावातला आपला शेवटचा लाकडी फर्निचरचा कारखाना बंद केला. दुकाने आणि नाममुद्रा मात्र चालू राहिली. शेजारच्या मार्टिन्सव्हिलमध्ये कापड आणि नायलॉनचे कारखाने आधीच गेले होते. २००९-१० च्या सुमारास तेथील बेकारी २० टक्क्यांच्या वर पोहोचली.

व्हर्जिनियातल्याच गॅलॅक्स येथील व्हॉन-बॅसेट या वेगळ्या कंपनीचे, पण त्याच कुटुंबातले जॉन बॅसेट तिसरे यांनी २००३ मध्ये चिनी बेडरूम फर्निचरविरुद्ध डम्पिंगची, म्हणजे रास्त किमतीपेक्षा स्वस्तात माल परदेशी बाजारात ओतल्याची, तक्रार दाखल करवली. यावरून धंद्यातच फूट पडली, कारण आयातीवर जगणारे दुकानदार तक्रारीच्या विरोधात होते. २००५ पासून चिनी मालावर शुल्क लागू झाले, काही कंपन्यांना एक टक्क्याहून कमी, तर काहींना १९८ टक्क्यांपर्यंत. गॅलॅक्सचा कारखाना टिकला. बाकी बरेचसे उत्पादन अमेरिकेत परतण्याऐवजी व्हिएतनामला गेले.

पुढची बंदी वेगळ्या जातीची होती. कोविडकाळात वाढलेली मागणी ओसरली. मिसिसिपीस्थित युनायटेड फर्निचर इंडस्ट्रीजने, जिचे कारखाने नॉर्थ कॅरोलायनातही होते, २१ नोव्हेंबर २०२२ रोजी, थँक्सगिव्हिंग या अमेरिकी सणाच्या तोंडावर, सुमारे २,७०० कामगारांना मोबाइल संदेश आणि ईमेलने काढून टाकले. शंभर वा अधिक कामगार असलेल्या मालकाने कारखाना बंद करण्यापूर्वी साधारणपणे ६० दिवसांची नोटीस द्यावी, असा १९८८ चा संघीय कायदा आहे. कामगारांनी त्याच्याच आधारे कंपनीला कोर्टात खेचले.