चवथीला निघण्याआधी कपाटातलं पाणी काढा

गोव्यात घरं बंद होण्याचा सगळ्यात मोठा हंगाम म्हणजे चवथ. पणजी, मडगाव, वास्को, म्हापशाचे फ्लॅट कुलूपबंद होतात आणि माणसं सत्तरी, पेडणे, डिचोली, काणकोणातल्या मूळ घरी गणपतीला जातात. कुणी दीड दिवसासाठी, कुणी सात, कुणी अकरा. काहीजण तिथूनच पुढे पुण्या-मुंबईच्या लेकीकडे जाऊन महिनाभराने परततात. निघताना आपण सिलिंडर बंद करतो, फ्रीज रिकामा करतो, नळ दोनदा तपासतो. कपाटाचं दार मात्र नुसतं लोटून देतो. परत आल्यावर ते उघडताच कोंदट वास येतो, काळ्या पट्ट्यावर पांढुरकी पूड दिसते आणि लग्नातल्या शालूच्या घडीवर तपकिरी ठिपके उमटलेले असतात. दोष पावसाला जातो. पण पाऊस कपाटात शिरलेला नसतो. बुरशीला लागणारं पाणी आपणच कपड्यांमधून आत ठेवून दार लावलेलं असतं.

किती पाणी? हिशेब अवघड नाही. ऑगस्टमध्ये गोव्यात तापमान २७ अंशांच्या आसपास आणि सापेक्ष आर्द्रता ९० टक्क्यांच्या घरात धरली, तर एक घनमीटर हवेत साधारण २३ ग्रॅम बाष्प असतं. दोन दारांचं नेहमीचं कपाट आतून जवळपास एक घनमीटरच भरतं. म्हणजे कपाटातल्या सगळ्या हवेतलं पाणी चार-पाच चमचे. आता कपड्यांकडे वळू. सुती कापड म्हणजे सेल्युलोज, आणि सेल्युलोजचे रेणू पाण्याच्या रेणूंना धरून ठेवतात. ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत सुती कापड स्वतःच्या कोरड्या वजनाच्या ७ ते ८ टक्के पाणी बाळगतं. ९० टक्क्यांच्या हवेत हेच प्रमाण १३ टक्क्यांच्या आसपास जातं. कपाटात ३० किलो सुती कपडे असतील, तर या दोन अवस्थांमधला फरक होतो सुमारे दीड लिटर. हवेत चार-पाच चमचे आणि कापडात दीड लिटर जास्तीचं. रेशीम सुतापेक्षा जास्त पाणी धरतं, लोकर त्याहूनही जास्त. पॉलिएस्टर जेमतेम अर्धा टक्का.

आणि हे दीड लिटर हाताला कळत नाही. माणसाच्या त्वचेत ओलावा ओळखणारी स्वतंत्र संवेदना नाही. थंडपणा आणि स्पर्श यांच्या मेळातून मेंदू ओलेपणाचा अंदाज बांधतो. दोरीवरून काढलेली पावसाळ्यातली चादर गार लागेनाशी झाली की आपण तिला सुकलेली समजतो, घडी करतो आणि आत ठेवतो. तेव्हा तिच्यात १२-१३ टक्के पाणी सहज असू शकतं.

बुरशीचे बीजाणू सगळीकडे असतात, कपाटातही, बाराही महिने. त्यांना बाहेरून यावं लागत नाही, फक्त रुजण्याची वेळ यावी लागते. कापडाच्या पृष्ठभागालगतची आर्द्रता ६५ टक्क्यांच्या खाली राहिली तर बहुतेक बुरशी निपचित पडून राहतात. ७५ च्या वर त्या जाग्या व्हायला लागतात आणि ९० ला, २५ ते ३० अंशांच्या उबेत, काही दिवसांतच डोळ्यांना दिसण्याइतक्या वाढतात. चवथीच्या दिवसांत बंद फ्लॅटमध्ये नेमकी हीच अवस्था असते. पंखा बंद, खिडक्या बंद, ऊब तशीच. ॲस्परजिलस आणि पेनिसिलियम गटातल्या अनेक बुरशी सेल्युलोज पचवणारी विकरं (एन्झाइम) सोडतात, म्हणजे कापड हेच त्यांचं खाद्य. खळ घातलेल्या कपड्यावर तर त्यांचं आणखी फावतं, कारण स्टार्च सेल्युलोजपेक्षा कितीतरी सहज पचतो. म्हणून लांबच्या मुक्कामाला जाण्याआधी खळ घातलेल्या सुती साड्या आणि कडक इस्त्रीचे कुर्ते धुऊन, खळ काढूनच ठेवावेत, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

एकदाच अंगात घातलेला कपडा न धुता परत टांगण्याची सवयही इथे महागात पडते. घामात मीठ असतं. आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळायला लागतं. जुलैत स्वयंपाकघरातल्या बरणीत आपण हे रोज पाहतो. काखेत, गळपट्टीवर, कमरेच्या शिवणीत सुकलेलं घामाचं मीठ असंच पाणी ओढतं आणि बाकीचा सदरा बरा असताना तेवढीच जागा ओलसर राहते. बुरशीचे पहिले ठिपके तिथेच पडतात. समुद्राकाठच्या घरांत तर लाटांच्या तुषारांतून आलेलं मीठ वाऱ्याबरोबर दोरीवरच्या कपड्यांवर बसतं आणि त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात. ते ७५ च्या कितीतरी खालीच पाणी ओढायला लागतात. कळंगुट किंवा बाणावलीच्या किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी निघण्याआधीची शेवटची धुलाई गोड्या पाण्यात नीट खळबळून करावी आणि ते कपडे घरात वाळवावेत.

मिठाच्या या गुणाचा उपयोगही करता येतो. कोरड्या वाटीत चमचाभर बारीक मीठ पसरून वाटी कपाटात ठेवा, दार लावा आणि एक-दोन दिवसांनी पाहा. मीठ ओलं झालं असेल, तर आत आर्द्रता ७५ च्या वर आहे आणि त्या कपाटाला कुलूप लावायची वेळ आलेली नाही. चाचणीसाठी शुद्ध केलेलं बारीक मीठच घ्यावं. रायबंदर-आगरवाड्याच्या मिठागरांतलं खडे मीठ चवीला कितीही चांगलं असलं, तरी त्यातल्या मॅग्नेशियममुळे ते आधीच पाझरतं आणि चुकीचं उत्तर देतं. आकडाच हवा असेल तर छोटा डिजिटल आर्द्रतामापक फार महाग नसतो.

मग कपडे खऱ्या अर्थाने कोरडे कसे करायचे? सर्वांत उत्तम वेळ मे महिन्याची. पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीच्या लगबगीत मिरच्या, सोलं, सुकी मासळी उन्हात पडते, तेव्हाच रजया, शाली आणि ठेवणीतले कपडेही बाहेर काढावेत. सुती कपडे उन्हात, रेशीम आणि गडद रंग सावलीत वाऱ्यावर, कारण अतिनील किरणांनी रेशीम पिवळं पडतं आणि रंग उडतात. मे महिन्यात नीट सुकवून घट्ट बंद पेटीत ठेवलेलं कापड पावसाळाभर टिकण्याची शक्यता चांगली असते.

चवथीच्या तोंडावर मात्र ऊन मिळेलच याचा भरवसा नाही. तेव्हा उष्णतेचं साधं भौतिकशास्त्र कामाला येतं. हवा तापवली की तिच्यातलं बाष्प तेवढंच राहतं, पण सापेक्ष आर्द्रता उतरते. २७ अंशांची ९० टक्क्यांची हवा ३२ अंशांवर नेली की आर्द्रता ७० च्या खाली येते, ३७ वर नेली की जवळपास ५० वर. जुन्या घरांत चुलीच्या वर दांडी बांधून कपडे वाळवत, त्यामागे हेच गणित होतं. कपाटाच्या तळाशी छोटा विजेचा दिवा लावून ठेवण्याची किनारपट्टीवरची रीतही तीच. आपण घरात असताना ती चालेल. घर बंद करून जाताना कपड्यांजवळ पेटता दिवा ठेवणं हा आगीचा धोका आहे आणि तो कधीही पत्करू नये.

एसी असलेल्या घरात काम आणखी सोपं होतं. निघण्याच्या आदल्या दिवशी बेडरूमची दारं-खिडक्या लावून कपाटाची दारं सताड उघडावीत, हँगर एकमेकांपासून सरकवावेत, घड्या सैल कराव्यात आणि एसी कोरड्या मोडवर पाच-सहा तास चालवावा. बाहेरच्या नळीतून ठिबकणारं पाणी बादलीत धरून पाहा, खोलीतून किती पाणी निघतं ते कळेल. इस्त्रीनेही कापडातलं पाणी निघतं, पण इस्त्री केलेला गरम कपडा दमट खोलीत पडू दिला तर तो गेलेलं पाणी पुन्हा ओढून घेतो. म्हणून इस्त्री त्याच कोरड्या खोलीत करावी, कपडा तिथेच निवू द्यावा आणि लगेच कपाटात ठेवावा. नंतर एसी बंद केल्यावर खिडक्या ताबडतोब उघडू नयेत. पावसाळ्यात बाहेरच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं तो, २४-२५ अंशांपर्यंत असतो. २२ अंशांवर गार झालेल्या लोखंडी कपाटाला ती हवा लागली की त्यावर दव धरतं आणि दिवसभराची मेहनत वाया जाते. कपाट बंद ठेवून खोली आपोआप उबदार होऊ द्यावी.

जाताना दार उघडं ठेवावं की बंद, यावर घरोघरी वाद होतो. माझं मत असं, की आतली हवा कोरडी की बाहेरची, यावर सगळं ठरतं. डिसेंबर-जानेवारीत किंवा मे महिन्यात दार किंचित उघडं ठेवलेलं चांगलं, हवा खेळती राहते. ऑगस्टमध्ये खोलीचीच हवा ९० टक्क्यांवर असताना उघड्या दारातून कपाटाला फक्त ओल मिळते. कपडे खरोखर सुकवलेले असतील तर दार घट्ट लावावं. फटींतून थोडं बाष्प शिरेल, पण ३० किलो कोरडं कापड ते आपल्यात वाटून घेतं आणि आतली आर्द्रता फार सावकाश चढते. कपडे सुकवायला वेळच मिळाला नसेल, तर मात्र बंद दारापेक्षा उघडं बरं.

बाजारातल्या सिलिका जेलच्या पुड्यांकडे या हिशेबातून पाहिलं, की त्यांची मर्यादा लगेच ध्यानात येते. सिलिका जेल स्वतःच्या वजनाच्या साधारण पाव ते एक तृतीयांश पाणी धरतं. १०० ग्रॅमची पुडी २५-३० ग्रॅम ओढेल. दीड लिटरपुढे ती काय करणार? पर्स, कॅमेरा, दागिन्यांचा डबा, एखादी घट्ट झाकणाची पेटी यांच्यासाठी ती उत्तम. कॅल्शियम क्लोराइडचे डबे वजनाहून जास्त पाणी ओढतात, पण ते पाणी खाली खारट द्रावण होऊन साचतं. डबा कलंडला तर चामडं आणि कापड दोन्ही खराब होतात, म्हणून तो तळाच्या कप्प्यात, थाळीत ठेवावा आणि महिनाभराच्या मुक्कामाला जाताना काढूनच टाकावा.

कपाट कुठल्या भिंतीला टेकलंय, हेही पाहा. जुन्या घरांच्या चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती स्पंजासारख्या सच्छिद्र असतात. जमिनीतली ओल त्यांतून वर चढते आणि नैर्ऋत्येचा पाऊस बाहेरून भिजवतो. पश्चिम-दक्षिणेच्या भिंतीपासून कपाट चार बोटं तरी पुढे ओढावं.

आता कसर. लोकरीला भोकं पाडतो तो पतंग नव्हे, त्याची अळी. कपड्यांच्या पतंगाला खाण्याजोगं तोंडच नसतं. अळीच्या आतड्यात मात्र अशी रासायनिक परिस्थिती असते, की केसांतल्या आणि लोकरीतल्या केराटिन या प्रथिनाचे गंधकाचे चिवट बंध तुटतात. हे काम फार थोड्या प्राण्यांना जमतं. स्वच्छ लोकरीपेक्षा घामाने, तेलाने मळलेली लोकर तिला जास्त मानवते, कारण नुसत्या केराटिनमधून तिचं पोषण पूर्ण होत नाही. गोव्यात भिंतीवर चिकटलेलं, दोन्ही टोकांना निमुळतं, मातकट रंगाचं इवलं पाकीट सगळ्यांनी पाहिलेलं असतं. ते याच कुळातल्या अळीचं घर. चंदेरी, चपट्या, सुळकन पळणाऱ्या किड्याला स्टार्च, कागद आणि रेयॉन आवडतं आणि त्यालाही दमट हवाच लागते. म्हणजे कपडे धुऊन कोरडे ठेवले की बुरशीबरोबर या किड्यांचाही बंदोबस्त बराचसा होतो. शंका असलेली लोकरीची शाल प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून उणे १८ अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवली, तर अंड्यांसह सगळं मरतं.

डांबरगोळ्यांबद्दल मला स्पष्ट लिहायचं आहे. त्या म्हणजे नॅप्थलीन, जे घनरूपातून थेट वायू होतं. त्याची वाफ बंद पेटीत दाट झाली तरच कीड मरते. उघड्या-मिटत्या कपाटात फक्त वास येतो. जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मतः कमतरता असलेल्या बाळांमध्ये या वाफेने तांबड्या रक्तपेशी फुटून गंभीर कावीळ होऊ शकते. युरोपीय संघाने २००८ साली नॅप्थलीनच्या गोळ्या बंद केल्या. बाळाची दुपटी, टोपरी, आजीच्या लुगड्याची गोधडी यांच्याजवळ डांबरगोळी ठेवूच नये. कापूर, वेखंड, कडुनिंबाचा पाला यांनी काही किडे दूर राहतात, पण आत असलेली अळी त्याने मरत नाही आणि ओल तर मुळीच कमी होत नाही.

जरीचं दुखणं वेगळं. पुष्कळदा जर म्हणजे तांब्याच्या तारेवर चांदीचा मुलामा. हवेतल्या गंधकाच्या संयुगांशी चांदीची क्रिया होऊन काळं सिल्व्हर सल्फाइड बनतं, आणि ओलाव्यात ही क्रिया जोर धरते. लोकरीतून गंधकाची संयुगं सावकाश बाहेर पडतात, रबरातूनही. तेव्हा पैठणी लोकरीच्या शालीशेजारी ठेवू नये, तिला रबरबँड लावू नये. जुन्या, धुतलेल्या मलमलीत गुंडाळून, घडीच्या रेषा बदलून ठेवावी. ड्रायक्लीनवाल्याची पातळ प्लास्टिक पिशवी घरी आल्याबरोबर काढावी. काही प्लास्टिकमधल्या रसायनांमुळेच पांढरे कपडे पिवळे पडतात.

बुटांना मात्र कोरड्या कपाटाचा उपयोग मर्यादितच. अनेक बुटांचे तळवे पॉलियुरेथेनचे असतात आणि हवेतलं थोडंसं बाष्पही त्याच्या रेणूंच्या साखळ्या हळूहळू तोडत राहतं. न वापरलेले बूट काही वर्षांनी पायात घालताच तळवा भुगा होऊन गळतो, तो यामुळे. ते ठेवणीत जपण्यापेक्षा वापरावेत.

परत आल्यावर बुरशी दिसलीच, तर कपडा घरात झटकू नये. तोंडाला मास्क लावून तो गच्चीत किंवा बाल्कनीत न्यावा, उन्हात पूर्ण सुकवावा, मऊ ब्रशने पूड झाडावी आणि मगच धुवावा. ओला असताना घासलं तर बुरशीचे तंतू धाग्यांत आणखी खोल जातात. पांढऱ्या सुती कपड्याला ऑक्सिजनवालं ब्लीच चालतं. रेशीम आणि लोकरीला क्लोरीनचं ब्लीच कधीही लावू नये. ही दोन्ही प्रथिनं आहेत आणि क्लोरीनच्या ब्लीचमध्ये ती चक्क विरघळतात. काळे ठिपके धुऊनही राहिले, तर ते बहुधा बुरशीने सोडलेलं रंगद्रव्य असतं. कपडा वाळवून कोरडा ठेवला, तर ते ठिपके आणखी पसरत नाहीत.