फ्रिजचा गॅस आपोआप ‘संपत’ नाही

‘चार वर्षं झाली ना, मग गॅस भरावा लागणारच.’ फ्रिज नीट गार करेना की हे वाक्य हमखास ऐकू येतं. ते खरं नाही. फ्रिजमधला गॅस शेगडीच्या सिलिंडरसारखा जळून जात नाही. बंद नळ्यांतून तोच तो फिरत राहतो. कमी झालाच असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न बुजवता भरलेला गॅस पुन्हा निसटणारच. म्हणून मेकॅनिकला आधी विचारा, गळती सापडली कुठे?

त्याला बोलावण्याआधी घरीच पाहण्यासारखं बरंच असतं. दाराच्या रबरात नोट धरून दार लावा. ती सहज सुटून आली तर रबर सैल आहे. कोमट साबणाच्या पाण्याने पुसून बघा, नाहीतर नवं बसवा. मागे उघडी जाळी असेल तर प्लग काढून तिच्यावरची धूळ ब्रशने झाडा. फ्रीझरमध्ये बर्फ साचला असेल तर तो वितळू द्या, सुरीने खरवडू नका. नळीला भोक पडलं की मात्र गॅस खरोखरच जातो!

गॅस स्वतः भरायच्या फंदात पडू नका. हल्लीच्या बऱ्याच फ्रिजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो, आणि तो पेट घेतो.