टप-अस्तर, मोटारीचे

टप-अस्तर, मोटारीचे : मोटारीच्या टपाला आतून लावलेले कापडी वा रेक्झिनचे आच्छादन. बोलण्यात त्याला रूफ लायनिंग, हेडलायनर किंवा नुसते छताचे कापड म्हणतात. तापलेल्या पत्र्याची धग अडवणे, पावसाचा व रस्त्याचा आवाज शोषणे, पत्र्याच्या आतल्या अंगाला साचणारे दव खाली ठिबकू न देणे आणि दिव्याच्या तारा झाकणे ही त्याची कामे होत. मोटार जुनी झाली की हे कापड मधूनच सुटते, त्याला पोट येते आणि अखेर ते मागच्या प्रवाशांच्या डोक्याला लागू लागते. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः या दोषाचा व त्याच्या दुरुस्तीचा विचार केला आहे.

इतिहास : बंद घोडागाड्यांना आतून लोकरी कापड लावण्याची रीत यूरोपात मोटारीपेक्षा जुनी आहे. सुरुवातीच्या बंद मोटारींचे सांगाडे घोडागाड्या बांधणाऱ्यांकडेच तयार होत. त्यामुळे लाकडी चौकटीला बारीक चुका (छोटे खिळे) मारून कापड ताणण्याची त्यांची पद्धत मोटारीत जशीच्या तशी आली. तेव्हा टपही पूर्ण पत्र्याचा नसे. मधला भाग लेप दिलेल्या जाड कापडाचा असे. जनरल मोटर्सने १९३५ च्या नमुन्यांत ‘टरेट टॉप’ या नावाने एकसंध पोलादी टप आणला. इतर कारखानदारही त्याच सुमारास त्या वाटेने जात होते.

पोलादी टपाला चूक मारता येत नाही. म्हणून कापडाच्या पाठीवर आडवे नेफे शिवून त्यांत पोलादी सळ्या ओवायच्या, सळ्यांची टोके टपाच्या दोन्ही कडांच्या छिद्रांत अडकवायची आणि कापडाच्या कडा चिकटवून घ्यायच्या, ही रचना रूढ झाली. ती पोलादी टपातूनच जन्मली असे मानण्याचा मोह होतो. तथापि लाकडी टपाच्या काळातही कापडाच्या पाठीवर पट्ट्या शिवून त्या आडव्या लाकडी कमानींना ठोकत असत. तेव्हा सळीचा नेफा हे त्या पट्टीचेच पुढचे रूप समजणे अधिक सयुक्तिक वाटते. लोकरी कापडाची जागा दुसऱ्या महायुद्धानंतर हळूहळू बारीक छिद्रांच्या रेक्झिनने घेतली. ॲम्बॅसडर (उत्पादन २०१४ पर्यंत) व प्रीमियर पद्मिनी यांच्या मूळ घडणीत असेच टांगलेले अस्तर होते.

साच्यात घडवलेल्या ताठ तक्त्यावर फोमासह कापड चिकटवण्याची रचना साधारणपणे १९७० च्या दशकात अमेरिकी मोटारींत पसरू लागली. पुढच्या दशकाअखेरपर्यंत नव्या मोटारींत टांगलेले अस्तर जवळजवळ उरले नाही. कारखान्यात सळ्या ओवत बसण्यापेक्षा तयार तक्ता काचेच्या जागेतून आत सारून चार क्लिपांवर बसवणे स्वस्त पडते, हे त्याचे उघड कारण होय. लोंबण्याचा आजचा परिचित दोष या रचनेबरोबरच आला.

रचना : तक्ता काचतंतू व रेझीन, दाबलेले जुन्या कापडाचे तंतू, पन्हळी पुठ्ठा किंवा काचतंतूंच्या दोन थरांमधील अर्धताठ पॉलियुरेथेन यांचा असतो. त्यावर सु. ३ मिमी. जाडीचा मऊ पॉलियुरेथेन फोम आणि त्यावर लव काढलेले नायलॉनचे किंवा पॉलिएस्टरचे विणीव कापड येते. कापड व फोम यांचा सांधा बहुधा गोंदाने केलेला नसतो. फोमाचा पृष्ठभाग ज्योतीवरून नेऊन क्षणभर वितळवतात आणि त्याच चिकट थरावर कापड दाबतात. फोम तक्त्याला मात्र गोंदाने चिकटवतात. अलीकडच्या अनेक कमी किमतीच्या मोटारींत फोम अजिबात नसतो. सुयांनी गुंतवलेले न विणलेले पॉलिएस्टर कापड थेट तक्त्यावर बसवलेले असते. अशा मोटारींत पुढे वर्णिलेला दोष सहसा दिसत नाही.

लोंबण्याची कारणे : कापड लोंबले की ‘गोंद सुटला’ असे मालक म्हणतात आणि पुष्कळ कारागीरही तसेच म्हणतात. दुसरे मत असे, की गोंद शाबूत असतो आणि मधला फोमच मरतो. सुटलेले कापड ओढून पाहिल्यास दुसऱ्या मताला पुरावा मिळतो. तक्त्यावर गोंदाचा पापुद्रा तसाच असतो, त्याला फोमाचे कण चिकटलेले असतात आणि कापडाच्या पाठीवरही तीच पिवळट-नारिंगी, बोटाला चिकटणारी भुकटी असते. सांधा तुटला असता तर फोमाचा थर अखंड सुटून आला असता. तसे घडते, पण बहुधा पूर्वी एकदा हलक्या गोंदाने दुरुस्त केलेल्या अस्तरात किंवा कडांपाशी.

फोम का मरतो हे त्याच्या रसायनावर अवलंबून आहे. पॉलियुरेथेनाची रासायनिक वाट ओटो बायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये जर्मनीत लेव्हरकूझेन येथे काढली. मऊ फोमाचे व्यापारी उत्पादन १९५० च्या दशकात सुरू झाले. या फोमाचे एस्टर व ईथर असे दोन प्रकार आहेत. एस्टर फोम ज्योतीने कापडाला चांगला चिकटतो, म्हणून अस्तरासाठी त्याला पसंती मिळाली. मात्र त्याचे एस्टर बंध पाण्याच्या वाफेने तुटतात. या जलविच्छेदनात अल्कोहॉल व अम्ल तयार होते आणि ते अम्लच पुढील विच्छेदनाला उत्प्रेरक ठरते. म्हणून दोष वर्षानुवर्षे दिसत नाही आणि एकदा दिसू लागला की एकाच पावसाळ्यात अर्धे छत खाली येते. ईथर फोम पाण्याला दाद देत नाही, पण प्रकाश व उष्णता यांमुळे त्याचे ऑक्सिडीकरण होऊन तो ठिसूळ बनतो. १९६० च्या दशकातील फोमाच्या कलाकृती व फर्निचर सांभाळणाऱ्या संग्रहालयांना हे दोन्ही प्रकार चांगले परिचित आहेत. तेथे अशा फोमाचे आयुष्य ढोबळमानाने २० ते ३० वर्षे धरतात.

संग्रहालयातील हवा मोटारीच्या नशिबी नसते. उन्हात बंद उभ्या मोटारीतील हवा ६०° से.च्या आसपास जाऊ शकते आणि गडद टपाचा पत्रा त्याहून बराच तापतो. दर १०° से.ला अशा विक्रियांचा वेग सुमारे दुप्पट होतो हा ढोबळ नियम लावला, तरी फोमाचे आयुष्य किती आखडेल याची कल्पना येते. कोकणपट्टी, मुंबई व गोवा येथे दमटपणाची भर पडते, त्यामुळे तेथे एस्टर फोम लवकर जाणे रसायनाला धरूनच आहे. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात फोमापेक्षा गोंदाची परीक्षा जास्त होते.

या दोहोंखेरीज तिसरे कारण गळतीचे. सरकत्या काचेच्या टपाला (सनरूफ) चारही कोपऱ्यांतून पाणी खाली नेणाऱ्या नळ्या असतात. त्या पाचोळ्याने तुंबल्या की पाणी तक्त्यात मुरते. ॲन्टेनाच्या बुडाचे रबर फाटले तरी तेच होते. कडा पिवळट-तपकिरी असलेला डाग दिसल्यास आधी गळती शोधावी. ओल्या पुठ्ठ्यावर कोणताही गोंद धरत नाही.

दुरुस्ती : टांगलेल्या अस्तराची दुरुस्ती हे मुळात शिवणकाम आहे. तेथे कापड ताण सोडते, नेफ्याचा दोरा कुजतो किंवा सळी गंजून कापडाला गंजाची रेघ उमटते. प्रत्येक सळीची वक्रता वेगळी असल्याने काढतानाच तिच्यावर क्रमांक घालावा लागतो. बऱ्याच मोटारींत पुढची-मागची काच व तिचे रबर काढल्याशिवाय कापडाची कड हाती लागत नाही. नवे रेक्झिन मधून दोन्ही टोकांकडे आलटून पालटून ताणतात, कडा चिमट्यांनी धरून ठेवतात आणि उरलेल्या सुरकुत्या गरम हवेने काढतात. लोकरी कापडाला वाफ पुरते.

तक्त्याच्या अस्तराला तक्ता बाहेर काढणे अटळ आहे. सनव्हायझर, हातमुठी, आतला दिवा, खांबांवरची आवरणे व दाराची रबरे काढून, आसने पाडून, तक्ता मागच्या दाराने किंवा पुढच्या प्रवाशाच्या दाराने बाहेर घेतात. पन्हळी पुठ्ठ्याचा तक्ता या वेळी वाकला तर त्याची घडी नव्या कापडाखालूनही दिसते. मग जुने कापड ओढून, फोमाची भुकटी नायलॉनच्या ब्रशने पूर्ण झाडतात. तारेच्या ब्रशाने तक्ता सोलला जातो. नाकातोंडावर मास्क हवा, कारण भुकटीबरोबर काचतंतूही उडतात. सगळ्या कामाचे यश या झाडण्यावर आहे आणि नेमकी तेथेच घाई होते. राहिलेल्या भुकटीवर मारलेला गोंद भुकटीलाच चिकटतो, तक्त्याला नाही.

नवे कापड फोम लावलेलेच घ्यावे. नुसते कापड चिकटवल्यास तक्त्यावरचा प्रत्येक ओरखडा वर उमटतो. गोंदाची निवड हा वादाचा दुसरा विषय होय. पांढरा लाकूडकामाचा गोंद निरुपयोगी ठरतो. स्टायरीन रबराचे सर्वसाधारण फवारे लावायला सोपे असतात. पण तापलेल्या टपाखाली ते मऊ पडून हळूहळू सरकतात आणि पहिल्या उन्हाळ्यानंतर कापडाला पुन्हा पोट येते. पॉलिक्लोरोप्रीन रबराचा संपर्क-गोंद, ज्यात फेनॉलिक रेझीन व मॅग्नेशियम ऑक्साइड असते, उष्णतेला अधिक टिकतो. आपल्याकडे कुशनकाम करणारे सिंथेटिक रबराचा डब्यातील गोंद (उदा., फेविकॉलच्या एसआर मालिकेतील) वापरतात. तो ब्रशने जाड लावल्यास त्यातील टोल्यूइनसारखे द्रावक फोम भिजवून कापडावर डाग पाडते, म्हणून पातळ फवारा दोन हातांत मारणे बरे. गोंद तक्त्यावर व फोमावर असा दोन्हीकडे लावून, द्रावक उडून बोटाला चिकटेल पण बोटावर येणार नाही इतका वाळू देतात. कापड मध्यावर दुमडून अर्धा भाग आधी बसवतात, मग उरलेला, तळहाताने मधून कडेला. खोलगट जागी कापड ताणून न बसवता दाबून आत नेतात, नाहीतर काही दिवसांत ते तेथे पुलासारखे उचलले जाते. कड मागे वळवून चिकटवतात, दिव्याची भोके शेवटी कापतात आणि तक्ता रात्रभर ठेवतात.

तात्पुरते उपाय पुष्कळ आहेत : मळसूत्री टाचण्या, सिरिंजने आत सोडलेला गोंद, वाफ, आडव्या पट्ट्या. यांपैकी टाचण्या निदान पुढच्या कामात अडथळा आणत नाहीत. सिरिंजचा गोंद मेलेल्या फोमात जिरतो, कापडावर डाग सोडतो आणि नंतर झाडण्याचे काम दुप्पट करतो.

सुरक्षितता : १९९८ पासून वापरात आलेल्या पडदा-एअरबॅगा टपाच्या कडेला, अस्तराच्या काठाआड घडी करून बसवलेल्या असतात. अशा मोटारीत खांबांची आवरणे काढण्यापूर्वी बॅटरी सोडून काही वेळ थांबणे आवश्यक असते. अस्तराची कड तेथे चुकांनी किंवा जादा गोंदाने पक्की केल्यास एअरबॅग उघडायला वाट राहत नाही. जळण्याच्या वेगावरही बंधन आहे. अमेरिकेत १९७२ पासून लागू असलेल्या मानकानुसार आतील साहित्याचा आडवा ज्वलनवेग मिनिटाला १०२ मिमी.पेक्षा जास्त चालत नाही. भारतात या विषयावर आयएस १५०६१ हे मानक आहे. बाजारात छतासाठी म्हणून विकले जाणारे पडद्याचे किंवा सोफ्याचे कापड या कसोटीवर पारखलेले असतेच असे नाही.