शेवटचे दहा मीटर

मालवण-तारकर्लीला किंवा गोव्यात ग्रँड आयलंडजवळ पहिल्यांदा स्कूबा, म्हणजे पाठीवर टाकी बांधून पाण्याखाली श्वास घेत बुडी, करायला निघालेल्या माणसाला घरून दोन गोष्टी हमखास ऐकायला मिळतात. ‘दम धरून राहा’ ही पहिली आणि ‘टाकीत ऑक्सिजन असतो, काळजी कसली!’ ही दुसरी. दोन्ही चूक आहेत. टाकीत साधी हवाच असते, गाळून, कोरडी करून सुमारे २०० बार, म्हणजे नेहमीच्या हवेच्या जवळपास दोनशेपट दाबाने भरलेली. शुद्ध ऑक्सिजन तर ६ मीटरच्या खाली पाण्यातच फिट आणू शकतो. पण ही चूक नुसती माहितीची. दम धरण्याची चूक जिवावर बेतते.

बॉइलचा नियम आठवा: तापमान तेच असेल तर दाब दुप्पट झाला की वायूचं आकारमान निम्मं होतं. पाण्यात दर १० मीटरला साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे पृष्ठभागावर १, १० मीटरवर २, २० मीटरवर ३. मग पूर्वापार बुडी मारून शिंपले काढणारे लोक दम धरूनच खाली जातात, त्यांना काही कसं होत नाही? कारण ते हवा वरून घेऊन जातात. ६ लिटर हवा १० मीटरवर ३ लिटर होते आणि वर येताना पुन्हा ६.

स्कूबात गणित उलटतं. रेग्युलेटर, म्हणजे टाकीला जोडलेला तोंडात धरायचा भाग, त्या-त्या खोलीवरच्या दाबाने हवा देतो, नाहीतर छाती फुगवताच येणार नाही. म्हणून १० मीटरवर घेतलेला ६ लिटरचा श्वास पृष्ठभागावर १२ लिटर होऊ पाहतो. फुप्फुसांत तेवढी जागा नाही. ३० मीटरवरून २० मीटरवर येताना आकारमान जेमतेम १.३३ पट वाढतं, २० वरून १० वर येताना दीडपट, आणि शेवटच्या १० मीटरमध्ये दुप्पट. ‘आम्ही फार खोल नेत नाही’ हा दिलासा इथे कामाचा नाही. पूर्ण भरलेली, कोंडलेली फुप्फुसं फाटायला एक-सव्वा मीटरचा फरकही पुरतो. पोहण्याच्या तलावातसुद्धा हे होऊ शकतं. वायुकोश फाटले की बुडबुडे फुप्फुसांतून हृदयाच्या डाव्या भागात आणि तिथून थेट मेंदूच्या रक्तवाहिन्यांत जातात. वर आल्यावर बहुधा दहा मिनिटांच्या आत माणूस बडबडतो, अर्धं अंग लुळं पडतं किंवा शुद्ध हरपते.

प्राणायाम करणारे काही जण हवा पुरवून वापरायची म्हणून पाण्याखाली कुंभक करतात, म्हणजे श्वास रोखतात. कुंभकाची जागा जमिनीवर. पाण्याखाली त्याने रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो, डोकं ठणकतं, दम लागल्यासारखं वाटून घबराट वाढते आणि हवा उलट जास्तच संपते.

अंगातलं फुगवायचं जॅकेटही याच नियमाने चालतं. वर येताना त्यातली हवा प्रसरण पावते, तरंगण्याचा जोर वाढतो, वेग वाढतो, हवा आणखी फुगते. नवख्याला हे आवरत नाही. म्हणूनच पहिल्या डाइव्हमध्ये जॅकेटची हवा सोडण्याचं बटण इन्स्ट्रक्टरच्या हातात हवं आणि वर येण्याचा वेग मिनिटाला ९ मीटरच्या आत. एकाच वेळी फोटो काढणारा आणि तिघांना सांभाळणारा इन्स्ट्रक्टर ही जबाबदारी पार पाडूच शकत नाही.

बोटीवर चढण्यापूर्वी दमा, हृदयविकार, गर्भारपण, अलीकडची शस्त्रक्रिया यांची लेखी विचारणा व्हायला हवी. सर्दी असेल तर डाइव्ह नकोच. कानाच्या नळीचं तोंड सुजलेलं असतं, दाब सारखा होत नाही. सर्दी नसली तरी नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं ते पहिल्या मीटरपासून, दुखायच्या आधी. दुखू लागल्यावर जोर लावला तर पडदा फाटतो. कमरेइतक्या पाण्यात तीन गोष्टींचा सराव करून घ्या: रेग्युलेटर काढून परत लावणं आणि मधलं बटण दाबून त्यातलं पाणी उडवणं, मास्कमध्ये आलेलं पाणी नाकाने फुंकून काढणं, आणि खुणा. अंगठा वर म्हणजे ‘मस्त’ नव्हे, ‘वर चला’. ठीक असल्याची खूण तर्जनी-अंगठ्याच्या वर्तुळाची. खोकला किंवा उलटी आली तरी रेग्युलेटर तोंडातच ठेवायचा, त्यातून दोन्ही होतं. तो सुटलाच तर बारीक बुडबुडे सोडत राहायचं.

बोटीवर ऑक्सिजनचा संच आहे का, हे निघतानाच विचारा. बुडबुड्याची शंका आली की रुग्णाला आडवं ठेवून शुद्ध ऑक्सिजन लावायचा आणि दाबकक्ष (रुग्णाला वाढीव दाबात ठेवण्याची बंद खोली) असलेल्या रुग्णालयाकडे न्यायचं. बरं वाटू लागलं तरीही.

एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डाइव्हनंतर १८ तास विमानप्रवास टाळा. उंचावर हवेचा दाब आणखी कमी होतो, म्हणून हा नियम सुमारे ६०० मीटर उंचीपासून धरला जातो, आणि परतीच्या घाटातली आंबोली त्याहून उंच आहे. म्हणून शक्य असेल तर डाइव्ह आदल्या दिवशी सकाळी करा आणि घाट दुसऱ्या दिवशी चढा.