पिशवीतले शीड नेमके कोणते?

जुनी शिडाची होडी घेतली की सोबत शिडांच्या तीन-चार पिशव्या हमखास येतात. एकीवर ‘स्पिनेकर’ लिहिलेले असते आणि आत निघते जेनेकर. (दोन्ही हलकी, फुगीर शिडे; फरक खाली येतो.) दुसरीवर काहीच लिहिलेले नसते. आमच्याकडे दुरुस्तीला येणारी बरीच हलकी शिडे कापड विरल्यामुळे फाटलेली नसतात, तर चुकीच्या वाऱ्यात चढवल्यामुळे फाटलेली असतात. म्हणून हे पत्रक. पिशवीवरचे नाव आणि शिडाचा रंग बाजूला ठेवा. शीड स्वच्छ, कोरड्या जमिनीवर पसरा आणि त्याचा आकार बघा.

आधी वाऱ्याचा हिशेब

वारा 10 नॉटचा (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल), थेट मागून, आणि होडी 5 नॉटने चाललेली. अशा वेळी शिडाला वारा जाणवतो फक्त 5 नॉटचा, कारण होडी त्याच्याच पुढे पळत असते. इथे मोठे, खोल पोटाचे शीड लागते. आता तोच वारा बरोबर बाजूने घ्या आणि होडी 6 नॉटने जाऊ द्या. जाणवणारा वारा जवळजवळ 12 नॉट होतो आणि नाळेपासून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकापासून, 90 अंशांवरून साधारण 60 अंशांवर सरकतो. इथे वारा शिडात कोंडून चालत नाही, तो शिडावरून वाहत जायला हवा. त्यासाठी पोट कमी हवे आणि पुढचा काठ ताठ राहायला हवा. मागच्या वाऱ्याची आणि बाजूच्या वाऱ्याची शिडे वेगळी का, ते एवढ्यात आले.

काठ जुळवून पाहा

खालचे दोन कोपरे एकमेकांवर ठेवून शीड उभे दुमडा. दोन्ही उभे काठ तंतोतंत जुळले तर ते सममित स्पिनेकर. त्याला काठी, म्हणजे पोल लागतो, आणि थेट मागच्या वाऱ्यात त्याच्यासारखे दुसरे शीड नाही. बऱ्याच स्पिनेकरांच्या एका काठाला लाल आणि दुसऱ्याला हिरवी पट्टी असते: लाल डावीकडे, हिरवी उजवीकडे.

काठ जुळले नाहीत तर लांब काठ पुढचा, म्हणजे लफ. आखूड तो मागचा, म्हणजे लीच. असे शीड बहुधा जेनेकर असते. त्याचा पुढचा खालचा कोपरा, टॅक, नाळेवर बांधतात; पोल लागत नाही.

आता लफ बोटांनी चाचपा. आत जाड, पीळ न खाणारी दोरी लागली आणि कापड नायलॉनसारखे सळसळीत नसून कडक असले, तर तो कोड झिरो. हे शीड 1997-98 च्या व्हिटब्रेड जगप्रदक्षिणा शर्यतीत गाजले. वारा हलका आणि नाळेकडून थोडा बाजूने असेल, म्हणजे जेनेकर भरत नाही आणि जेनोआत, म्हणजे पुढच्या नेहमीच्या मोठ्या शिडात, जीव राहत नाही, तेव्हा ते कामाचे. लफवर ओळीने हुक असतील आणि कापड हलके नायलॉनचे असेल, तर ते हलक्या वाऱ्याचे ड्रिफ्टर. ते डोलकाठीपासून नाळेपर्यंत जाणाऱ्या पुढच्या तारेवर चढते.

शंका उरलीच तर फीत घ्या. लफचा मध्य आणि लीचचा मध्य शोधून दोहोंमधले अंतर मोजा, आणि ते खालच्या काठाच्या लांबीशी ताडून पाहा. जेनोआ साधारण निम्म्यावर येते. फिरतीच्या होडीचा कोड झिरो 55 ते 65 टक्क्यांत बसतो. शर्यतीचा मात्र 75 च्या आसपास, कारण अनेक शर्यतींच्या नियमांत त्याखालच्या शिडाला स्पिनेकर मानत नाहीत. 80 च्या पुढे जेनेकर सुरू होतात, आणि आकडा शंभराच्या जवळ गेला की शीड मागच्या वाऱ्याचे समजा.

कोपऱ्यावर ए2, ए3 असे काही छापलेले असेल तर काम सोपे. ए म्हणजे असममित, एस म्हणजे सममित. विषम आकडा बाजूच्या वाऱ्याचा, सम आकडा मागच्या वाऱ्याचा. ए5 लहान आणि जाड, जोराच्या वाऱ्यासाठी.

एक कळकळीची विनंती

मागच्या वाऱ्याचे पातळ नायलॉन वाऱ्याच्या तोंडावर खेचू नका. असे एक जेनेकर आमच्या टेबलावर आले होते. वरच्या कोपऱ्याजवळ टाक्यांची भोके ओढली जाऊन लांबट झाली होती आणि लीच लोंबत होती. फाटलेले आम्ही शिवू शकतो. ताणून बिघडलेला आकार परत आणता येत नाही.

दोघांनीच होडी चालवणार असाल आणि एकच हलके शीड घ्यायचे असेल, तर आमचा सल्ला जेनेकरचा, मोज्यासकट. मोजा म्हणजे शिडावर वरून ओढायची लांब पिशवी. वारा वाढला तरी शीड तिच्यात सामावता येते. थेट मागचा वारा असेल तर थोडे तिरके जा. वाट लांबते, पण शीड भरलेले राहते.

आमच्याकडे विचारणा करताना लफ, लीच, खालचा काठ आणि मधली रुंदी ही चार मापे द्या. लफमध्ये दोरी आहे की नाही तेही सांगा, आणि तिन्ही कोपऱ्यांचे जवळून फोटो जोडा. शीड परत भरण्याआधी प्रत्येक कोपऱ्यावर पक्क्या शाईने त्याचे नाव लिहा: वर हेड, पुढे टॅक, मागे क्लू. रात्री, हलत्या डेकवर, टॅकच्या जागी क्लू बांधला जायला एक क्षण पुरतो.