गर्भपाताच्या गोळ्या नेण्याआधी हे वाचा

आमच्या औषध दुकानात या गोळ्या मागायला बहुतेक वेळा नवराच येतो. गर्दी ओसरेपर्यंत बाजूला थांबतो, हळू आवाजात ‘किट’ मागतो आणि चिठ्ठी विचारली की निघून जातो. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे औषध आम्ही देत नाही. पण नुसते ‘नाही’ म्हणून माणसाला परत पाठवणे बरे वाटत नाही, म्हणून हे पत्रक. जिच्यासाठी गोळ्या हव्या आहेत तिच्या हातात ते द्या.

किटमध्ये पाच गोळ्या असतात. पहिली मिफेप्रिस्टोनची, गर्भ टिकवणाऱ्या हार्मोनचे काम ती थांबवते. एक-दोन दिवसांनी मिसोप्रोस्टॉलच्या चार. त्यांनी पिशवी आकुंचन पावते आणि गर्भ बाहेर पडतो. आपल्याकडे या गोळ्या नऊ आठवड्यांपर्यंत देता येतात आणि आठवडे मोजायचे ते शेवटची पाळी आली त्या दिवसापासून. आठवडे नक्की कळावेत म्हणून गोळ्यांआधी डॉक्टरांकडून तपासून घ्या. तपासणीचे आणखी मोठे कारण म्हणजे गर्भ पिशवीऐवजी नळीत असण्याची शक्यता. तसे असेल तर गोळ्या लागू पडत नाहीत. थोडे रक्त जाते, बाईला वाटते झाले, आणि पुढे नळी फुटून जिवावर बेतते. रक्तगट निगेटिव्ह असेल, अंगात रक्त कमी असेल, तर तेही डॉक्टरांना आधीच सांगा.

चार गोळ्या घेतल्यावर काही तासांत पाळीपेक्षा जोराच्या कळा येतात, गाठी पडतात. त्या दिवशी थंडी वाजते, मळमळते, जुलाबही होतात. मग कमी कमी होत साधारण दोन आठवडे अंगावरून जाते. इथवर घाबरण्यासारखे काही नाही. मात्र तासाला दोन मोठे पॅड पूर्ण भिजत असतील आणि सलग दोन तास तसेच चालले असेल, दुसऱ्या दिवशीही १००.४ च्या वर ताप असेल, घाण वास येत असेल, चक्कर येत असेल, पोटात असह्य दुखत असेल, किंवा गोळ्या घेऊनही रक्त फारसे गेलेच नसेल, तर सकाळची वाट पाहू नका. लगेच रुग्णालय गाठा आणि कोणती गोळी कधी घेतली ते खरे सांगा.

लघवीची चाचणी तीन-चार आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते. ती पाहून मनाने दुसरे किट घेऊ नका. आणि पुढची पाळी येण्याआधीच पुन्हा दिवस जाऊ शकतात, म्हणून गर्भनिरोधकाचे त्याच भेटीत विचारून घ्या.

‘एकदा पाडले की पुन्हा मूल होत नाही’ हे आम्ही रोज ऐकतो. नीट, सुरक्षित झालेल्या गर्भपाताने पुढचे मातृत्व जात नाही. ते धोक्यात येते काडी घातल्याने, अर्धवट राहिल्याने आणि जंतुसंसर्ग अंगावर काढल्याने.

मनाचे सगळ्यांचे सारखे नसते. पुष्कळ जणींना सुटल्यासारखे वाटते आणि त्यात अपराध काही नाही. काही जणी आठवडाभर कारण नसताना रडतात. सोनोग्राफीत गंभीर दोष दिसला म्हणून हवे असलेले मूल गमवावे लागले, तर ते दुःख मूल गेल्याचेच असते; ‘होईल दुसरे’ असे तिला म्हणू नका. अमेरिकेत सुमारे हजार बायकांची पाच वर्षे विचारपूस करणारा एक मोठा अभ्यास झाला. गर्भपात केलेल्यांपैकी बहुतेकींना आपला निर्णय बरोबरच वाटत होता. मन जास्त पोळते ते दबावाने, मारहाणीने आणि कोणाशीच बोलता न आल्याने. मुलगी आहे का हे पाहून गर्भपाताचा आग्रह होत असेल, तर ते लिंगनिदानच १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे.

दोन आठवड्यांनंतरही झोप नाही, जेवण जात नाही, जगू नये असे वाटते, तर डॉक्टरांना सांगा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतून बोलता येते.

१९७१ च्या कायद्याने गर्भपात ठरलेल्या अटींत कायदेशीर आहे. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या बाईची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची सही लागत नाही, लग्न झालेले असण्याचीही अट नाही. तिचे नाव गुप्त ठेवणे डॉक्टरांना बंधनकारक आहे. कुठे सही मागून परत पाठवले तर मान्यताप्राप्त दुसऱ्या केंद्रात किंवा जिल्हा रुग्णालयात जा, दिवस घालवू नका.

काउंटरवर सगळ्यांसमोर विचारायचे नसेल तर चिठ्ठीच्या मागे प्रश्न लिहून द्या. आम्ही तिथेच उत्तर लिहून कागद परत देऊ.