चिऊचं पान आणि दारातला ४०३

इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये टीव्हीच्या कपाटाखाली एक जुना डेस्कटॉप पडलेला असतो. मॉनिटर नाही, कीबोर्ड नाही. लिनक्स घातलं, केबलने राउटरला जोडलं आणि ठेवून दिला. घरातल्या प्रत्येकाचं त्यावर खातं आहे. आपल्या खात्यात ‘पब्लिक_एचटीएमएल’ नावाचा फोल्डर करायचा, त्यात पान टाकायचं, की वायफायवरच्या कुठल्याही फोनवर ते दिसतं. पत्त्यात शेवटी ~ आणि त्यापुढे नाव. बाबांनी गोदाकाठच्या देवळांचे फोटो असेच लावलेत.

मागच्या दिवाळीत पुतणी चिऊ आली. नववीत आहे, नुकतीच एचटीएमएल शिकलेली. तिला खातं काढून दिलं, तिने सायन्स प्रोजेक्टचं पान केलं, फोनवर ते ~ शोधायला दोनदा कीबोर्ड बदलला आणि पत्ता टाकला. आधी नुसतं चक्र फिरत राहिलं, वायफाय बदलल्यावर समोर आलं ‘फोरबिडन’, म्हणजे ४०३ नंबरची चूक. खाली बारीक अक्षरात, तुम्हाला इथे यायची परवानगी नाही.

“काका, आजोबांचं दिसतंय. माझंच का नाही?”

प्रश्न रास्त होता. एकच मशीन, एकच सर्व्हर, शेजारीशेजारी दोन फोल्डर. तिला वाटलं आपलं एचटीएमएल चुकलं. एचटीएमएल बरोबर होतं. उत्तर एप्रिल २०२१ मधल्या एका निर्णयात होतं, पण तो निर्णय का झाला हे कळायला सत्तरच्या दशकापर्यंत मागे जावं लागतं.

आधी ते ~ घ्या. १९७६ मध्ये लिअर सिगलर कंपनीचं एडीएम-३ए नावाचं टर्मिनल, म्हणजे मोठ्या मशीनला जोडायचा स्क्रीन आणि कीबोर्ड, बाजारात आलं. त्याच्या कीबोर्डवर ‘होम’ हा शब्द आणि ~ हे चिन्ह एकाच कळीवर छापलेलं होतं. अमेरिकेत बर्कले विद्यापीठात बिल जॉय नावाचा प्रोग्रॅमर याच टर्मिनलवर काम करायचा. त्याने लिहिलेल्या सी शेलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या प्रोग्रॅममध्ये, ~ म्हणजे माझं घर, माझ्या खात्याचा फोल्डर, आणि ~ पुढे कुणाचं नाव म्हणजे त्याचं घर. त्याच कीबोर्डवर एच, जे, के, एल या कळांवर बाण होते, म्हणून व्हीआय एडिटरमध्ये कर्सर आजही त्याच कळांनी हलतो. चिऊ फोनवर जे चिन्ह शोधत होती ते तिथे येण्याचं कारण एवढंच, की पन्नासेक वर्षांपूर्वी कुणीतरी ते ‘होम’च्या कळीवर बसवलं.

घर म्हटलं की दार आलं. लिनक्स ज्याच्या वळणावर गेलं ते युनिक्स हे मुळात अनेकांनी एकत्र वापरायचं यंत्र. म्हणून प्रत्येक फाइलला तीन जणांच्या परवानग्या असतात: मालक, त्याचा गट, आणि बाकीचे सगळे. प्रत्येकाला वाचणं, लिहिणं आणि चालवणं. फोल्डरच्या बाबतीत मात्र यातल्या तिसऱ्या परवानगीचा, म्हणजे ‘एक्स’चा, अर्थ बदलतो. तिथे ती ओलांडण्याची परवानगी असते. जुन्या नाशकातल्या वाड्यात मागच्या भाडेकरूकडे जायचं तर मालकाच्या चौकातून जावं लागायचं. चौक ओलांडायची मुभा सगळ्यांना होती, माजघरात डोकावायची नव्हती. फोल्डरला नुसता ‘एक्स’ देणं म्हणजे हेच. आत काय काय आहे याची यादी मिळत नाही, पण नेमकं नाव माहीत असेल तर पुढे जाता येतं.

वेब सर्व्हर हा या वाड्यात परका माणूस. तो स्वतःच्या वेगळ्या खात्यावर चालतो, उबंटू-डेबियन या लिनक्सच्या प्रकारांत त्या खात्याचं नाव डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा. चिऊचं पान वाचायला त्याला मूळ फोल्डर, मग ‘होम’, मग ‘चिऊ’, मग ‘पब्लिक_एचटीएमएल’ असे चार चौक ओलांडावे लागतात. एका जागी जरी ‘एक्स’ नसला तरी तो तिथेच थांबतो. लोक शेवटच्या फोल्डरची परवानगी दहा वेळा तपासतात आणि अडथळा असतो त्याच्या एक पायरी आधी. ‘नेमआय -एल’ या कमांडला पूर्ण पत्ता दिला की ती प्रत्येक पायरीची परवानगी एकाखाली एक छापते. ही कमांड फार कमी लोकांना माहीत आहे, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणात तिच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही.

लोकांच्या घरातली पानं वेबवर दाखवायची पद्धत विद्यापीठांमधली. १९९३ मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए या केंद्रात रॉब मॅकूलने एक वेब सर्व्हर लिहिला. त्यात ‘यूझरडिर’ नावाची सोय होती आणि तिचं ठरलेलं मूल्य होतं ‘पब्लिक_एचटीएमएल’. विद्यापीठात हजारो खाती आधीपासून होतीच. सन मायक्रोसिस्टिम्सच्या एनएफएसमुळे, जे १९८४ मध्ये आलं, सगळ्यांची घरं एका मोठ्या मशीनवर आणि वापर कुठल्याही मशीनवरून, अशी व्यवस्थाही रुळलेली होती. म्हणजे पान छापायला कुणाची परवानगी नको, अर्ज नको, फाइल टाकली की झालं. भारतात १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. पुढे आम्ही कॉलेज रोडच्या सायबर कॅफेत तासावर पैसे मोजून जी परदेशी प्राध्यापकांची टिपणं वाचायचो, त्यातल्या निम्म्याअधिक पत्त्यांत ~ असायचं. कॅफेवाल्याला विचारावं लागायचं की हे चिन्ह कुठे आहे. तो न बघता शिफ्ट आणि एकच्या डावीकडची कळ दाबायचा.

मॅकूल १९९४ मध्ये एनसीएसए सोडून गेला, सर्व्हरची देखभाल थंडावली, आणि तो वापरणाऱ्यांनी आपापली ठिगळं एकत्र करून १९९५ मध्ये अपाचे काढला. वर्षभरात तो जगातला सर्वांत जास्त वापरला जाणारा वेब सर्व्हर झाला. ‘यूझरडिर’ त्यात वारशाने आलं, आणि बरीच वर्षं आपोआप चालू असायचं.

मग एकेक दार लागायला लागलं. कुणाच्या तरी लक्षात आलं, की ~ पुढे वेगवेगळी नावं टाकून बघितली तर खरं खातं असेल तेव्हा सर्व्हर ‘परवानगी नाही’ म्हणतो आणि नसेल तेव्हा ‘सापडलं नाही’. म्हणजे पासवर्ड फोडायच्या आधी खात्यांची यादी फुकट हातात. डिसेंबर २००५ च्या अपाचे २.२ पासून ही सोय मुळात बंद ठेवलेली असते, आपण मागून चालू करायची. डेबियनच्या फाइलीत ती चालू केल्यावरही ‘रूट’ या मुख्य खात्याच्या घराला स्पष्ट बंदी लिहिलेली असते. सर्व्हरवर चालणारे पीएचपी प्रोग्रॅम तर लोकांच्या फोल्डरात चालूच देत नाहीत, त्यासाठी आणखी एक फाइल उघडावी लागते. फेब्रुवारी २०१२ मध्ये अपाचे २.४ आला आणि परवानगीच्या ओळींची भाषाच बदलली: ‘ऑर्डर, अलाउ’ जाऊन ‘रिक्वायर ऑल ग्रँटेड’ आलं. त्याआधीचं कुठलंही टिपण जसंच्या तसं उतरवून घेतलं तर आज ४०३ मिळायची चांगली शक्यता आहे. त्याच वर्षी अ‍ॅपलनेही मॅकच्या सेटिंगमधली वेब शेअरिंगची खूण काढून टाकली.

सर्वांत वैताग देणारं दार मात्र सिलिनक्सचं, म्हणजे लिनक्समधल्या सुरक्षेच्या एका जादा थराचं. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने डिसेंबर २००० मध्ये ते जगाला खुलं केलं, फेडोरा या लिनक्सच्या आणखी एका प्रकारात, त्याच्या कोअर ३ आवृत्तीत, म्हणजे नोव्हेंबर २००४ मध्ये, ते मुळातच चालू होऊन आलं. फाइल कुणाची आहे एवढं त्याला पुरत नाही. प्रत्येक फाइलवर एक चिठ्ठी असते आणि कुठल्या प्रोग्रॅमने कुठली चिठ्ठी असलेली फाइल वाचावी याचे नियम असतात. वेब सर्व्हरने लोकांच्या घरात जाऊ नये हा त्यातलाच एक. परवानग्या सगळ्या बरोबर दिसतात, ‘नेमआय’सुद्धा काही बोलत नाही, आणि पान तरी येत नाही. ‘एचटीटीपीडी_एनेबल_होमडिर्स’ हा स्विच चालू केला की काम होतं. घरं एनएफएसवरून येत असतील तर त्याचा स्विच आणखी वेगळा. आणि फाइल ‘एमव्ही’ने हलवली तर जुन्या जागेची चिठ्ठी तिच्यासोबत येते, ‘सीपी’ने कॉपी केली तर नव्या जागेची मिळते. हे कळेपर्यंत माझे दोन रविवार गेले. लोक याला कंटाळून सिलिनक्सच बंद करतात. मला ते पटत नाही, पण त्यांचा राग कळतो.

दुसरा रूढ उपाय म्हणजे सगळ्याला ७७७: मालक, गट आणि बाकीचे यांच्या परवानगीचा एकेक आकडा, आणि सात म्हणजे सगळी मुभा. मी केलाय. पंधरा वर्षांपूर्वी एका ओळखीच्या ऑफिसात एका खात्याच्या अख्ख्या घराला ७७७ दिलं. पान लगेच दिसलं, सगळे खूश. दुसऱ्या दिवशी त्या माणसाला एसएसएच कीने, म्हणजे पासवर्डऐवजी किल्लीची फाइल वापरून दुरून, लॉगिनच होईना. घरात कुणीही लिहू शकत असेल तर एसएसएच त्या घरातल्या कीवर विश्वास ठेवत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे.

हे सगळं झालं मशीनच्या आतलं. फोनपासून मशीनपर्यंतच्या रस्त्याचा इतिहास वेगळा, आणि तो पुष्कळ छोटा. फेब्रुवारी १९९६ मध्ये खासगी नेटवर्कसाठी पत्त्यांचे तीन पट्टे कायमचे राखून ठेवले गेले, त्यातलाच १९२.१६८ हा आपल्या घरोघरच्या राउटरात बसलेला. हे पत्ते राउटर उसने देतो. आमच्याकडे लाइट गेली की राउटर आणि डेस्कटॉप दोन्ही बंद, परत आल्यावर डेस्कटॉपला कधी जुना पत्ता मिळतो, कधी नवा. राउटरमध्ये त्याच्यासाठी एक पत्ता राखून ठेवला तेव्हा ही कटकट संपली. शेवटी ‘.लोकल’ लावून नावाने बोलवायचीही सोय आहे, पण जुन्या अँड्रॉइड फोनच्या ब्राउझरला ती समजत नाही, आणि घरात एक तरी जुना अँड्रॉइड फोन असतोच. गेस्ट वायफायची गंमत आणखी निराळी. पाहुण्यांच्या फोनला घरातली बाकीची यंत्रं दिसू नयेत यासाठीच ते केलेलं असतं, आणि चिऊचा फोन सुरुवातीला नेमका त्याच्यावर होता.

पाणी कुठपर्यंत आलंय ते यात बघावं लागतं. गंगापूर धरणातून विसर्ग सोडला की नाशिककर क्युसेकचे आकडे ऐकतात खरे, पण विचारतात एवढंच: दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं? गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, की मूर्ती बुडाली. ब्राउझरमधल्या चुका मी तशाच वाचतो. चक्र नुसतं फिरत राहिलं आणि शेवटी ‘वेळ संपली’ आलं, तर पाणी अजून घाटालाही लागलेलं नाही: वायफाय चुकीचं, पत्ता चुकीचा किंवा मधे फायरवॉल. फेडोरात फायरवॉल पहिल्या दिवसापासून चालू असते, उबंटूत असते पण बंद. ताबडतोब ‘नकार’ आला तर मशीनपर्यंत पोचलो, पण त्या दारावर कुणी नाही. बहुतेक वेळा सर्व्हर फक्त १२७.०.०.१ वर, म्हणजे स्वतःशीच बोलत बसलेला असतो. त्यामुळे मशीनवर पान दिसतं आणि फोनवर नाही. ४०४ आलं तर अपाचेपर्यंत पोचलो, पण बहुधा ‘यूझरडिर’ बंद आहे आणि तो बिचारा ‘~चिऊ’ नावाचा खराखुरा फोल्डर शोधतोय. आणि ४०३ म्हणजे पाणी मारुतीच्या गळ्याशी. घराच्या उंबऱ्यापर्यंत आलो, आत घेत नाहीत.

चिऊला गेस्टवरून आमच्या वायफायवर आणलं तेव्हा फिरणारं चक्र जाऊन ४०३ आलं होतं, म्हणजे प्रगती होती. अपाचेच्या एरर लॉगमध्ये ओळ सापडली: रस्त्यातल्या एका फोल्डरवर शोधण्याची परवानगी नाही. ‘नेमआय’ने तो फोल्डर दाखवला. ‘चिऊ’, ७५०. शेजारी ‘बाबा’, ७५५.

इथे एप्रिल २०२१ येतं. तोपर्यंत उबंटूत नवीन खातं काढलं की त्याचं घर ७५५ असायचं, म्हणजे बाहेरच्यांना वाचणं आणि ओलांडणं दोन्ही. २१.०४ या आवृत्तीपासून ते ७५० झालं, म्हणजे बाहेरच्यांना काहीच नाही, ओलांडणंही नाही. बदल फक्त नव्या खात्यांना लागू, आधीच्या घरांना कुणी हात लावला नाही. बाबांचं खातं मी २०२० मध्ये काढलं होतं, मशीन नंतर २२.०४ वर आलं, आणि चिऊचं खातं त्यानंतरचं. एका मशीनवर दोन काळातली दोन घरं.

७११ करून काम झालं असतं, आणि बहुतेक टिपणांत तेच लिहिलेलं असतं. पण त्याने मशीनवरच्या सगळ्यांनाच चौक मोकळा होतो. एकेका खात्याला वेगळी परवानगी देणाऱ्या ‘सेटएफएसीएल’ या कमांडने फक्त डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा या एका खात्याला चिऊच्या घरावर ‘एक्स’ दिला. यादीत परवानगीच्या शेवटी छोटंसं अधिक चिन्ह येतं, तेवढीच खूण. यात एक खोच आहे: नंतर कुणी परवानग्या बदलायच्या कमांडने त्याच फोल्डरला ‘चमॉड ७००’ केलं तर ही खास परवानगी नावाला राहते आणि प्रत्यक्षात निकामी होते, मग पुन्हा ४०३. पान उघडलं. चिऊने आईला फोटो पाठवला, मग माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघत विचारलं,

“म्हणजे आजोबांचं घर इतके दिवस उघडंच होतं?”

होतंच. मशीनवर खातं असलेला कुणीही आत फिरू शकत होता, आणि त्यात बँकेच्या स्टेटमेंटचा एक फोल्डरही होता. बाबांचं घर ७५० केलं, सर्व्हरला चिऊसारखाच एकट्याला ‘एक्स’ दिला, आणि फोनवर पान पुन्हा उघडून बघितलं. सुंदरनारायणाचं देऊळ, मग काळाराम, मग रामकुंडावरची पहाट. बाबा बाहेर पेपर वाचत होते, त्यांना यातलं काही कळलं नाही.